प्रसूतिगृहातील स्त्रीची मोकळीक
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला-अधिवेशनात दिलेले भाषण)



आपल्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिष्यवृत्त्या, वधूवर-परिचय, वसतिगृहाचा निधी या विषयांवर दरसाल भाषणे होतात. ते सर्व विषय अगत्याचेच आहेत. परंतु ज्या घटनेवाचून विद्यार्थीही जन्मत नाही आणि वधूवरही जन्मत नाहीत, त्या घटनेविषयी या व्यासपीठावरून कोणी बोलल्याचे आम्हांस स्मरत नाही. बाळंतपण हा विषय माजघरातला, चार बायकांनी दबक्या आवाजात बोलावयाचा, अशी आपली समजूत आहे. आज ती समजूत बाजूस ठेवण्याची परवानगी आम्ही मागतो. मंडपातील पुरुषमंडळींनी संकोचून उठून जाऊ नये. आजचे आमचे बोलणे निम्म्याहून अधिक त्यांच्यासाठीच आहे. कारण सूनबाईला कोणत्या रुग्णालयात न्यावयाचे, गाडी केव्हा काढावयाची आणि पैसा कोठे खर्चावयाचा, याचा निर्णय बहुतेक घरांत तेच करतात.

आमचा प्रश्न साधा आहे. कळा सुरू झालेली स्त्री रुग्णालयात दाखल झाली, म्हणजे तिने बाळ जन्मेपर्यंत खाटेवर उताणे निजूनच राहिले पाहिजे काय? तिला उठता, बसता, चालता, कुशीवर वळता येऊ नये काय?

प्रश्न ऐकून कोणी म्हणेल, "हे काय नवीन काढले? रुग्णालयात गेल्यावर माणसाने निजावयाचेच असते." या उत्तरातच सगळी गफलत आहे. आपल्या खानदेशातील स्त्री रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातली असो की शिरपूर-साक्रीकडची असो, दिवस भरत आले तरी धुणीभांडी करते, पाणी भरते, स्वयंपाक करते. शेतकऱ्याच्या घरची असेल तर कापूसही वेचते. कळा येऊ लागल्यावरही ती घरात येरझारा घालते, भिंतीला हात टेकून उभी राहते, वाकते. हे तिला कोणी शिकविलेले नसते. परंतु तीच स्त्री रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकताच आजारी ठरते, आणि आजाऱ्याने निजावे हा नियम तिला लागू होतो. प्रसूती हा आजार नव्हे. तो श्रम आहे, आणि सर्व श्रमांत कठीण असा श्रम आहे. श्रम करणाऱ्यास हातपाय हलविण्यास मनाई करणे हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करितो. आम्ही रुग्णालयाच्या विरुद्ध बोलण्यास उभे राहिलेलो नाही. जुन्या धाब्याच्या घरातील ती अंधारी खोली, तो धूर, सुईणीचे न धुतलेले हात आणि नाळ कापण्यास हाती लागेल ते हत्यार, यांच्यापायी किती बाळे धनुर्वाताने गेली आणि किती माता सुतिकाज्वराने गेल्या, हे आपल्यांतील वृद्धांस ठाऊक आहे. महाराष्ट्रात २००५-०६ च्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत शंभरांपैकी सुमारे ६५ बाळंतपणे रुग्णालयात होत असल्याचे आढळले होते. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ९५ च्या घरात गेला. दर लाख जन्मांमागे मरण पावणाऱ्या मातांची संख्या आपल्या राज्यात २००१-०३ या काळात १४९ होती, ती २०१८-२० मध्ये ३३ वर आली. २००५ साली सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, रुग्णवाहिका, रक्तपेढ्या आणि परिचारिकांचे अहोरात्र कष्ट या सर्वांचा या पुण्यकार्यात वाटा आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामुळे अवघड बाळंतपणासाठी मुंबई-पुण्याची वाट धरण्याची गरज आपल्या भागात बरीच कमी झाली. म्हणून घरी बाळंत व्हा असे आम्ही स्वप्नातही सांगणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, घर सोडताना जे टाकण्यासारखे होते ते टाकले हे उत्तम झाले. पण त्याबरोबर जे राखण्यासारखे होते तेही आपण उंबऱ्याबाहेर टाकून दिले.

राखण्यासारखे काय होते? आपल्या आज्या-पणज्या उताण्या निजून बाळंत होत नसत. त्या उकिडव्या बसत, घराचा खांब धरीत, मागून कोणी जाणत्या बाईने पाठीस गुडघा देऊन आधार द्यावा, अशी रीत होती. ही रीत अडाणीपणाची, असे कोणास वाटत असेल तर त्याने चरकसंहितेचे शारीरस्थान उघडून पाहावे. त्यातील आठव्या अध्यायात एक मोठा मनोज्ञ वाद आला आहे. कळा येत असताना स्त्रीने हाती मुसळ घेऊन उखळातले धान्य कांडावे, म्हणजे लवकर सुटका होते, असे एक मत त्या काळी होते. भगवान आत्रेयांनी ते खोडून काढिले आहे. ऐन प्रसवकाळी स्त्रीचे शरीर नाजूक अवस्थेत असते, अशा वेळी मुसळाचे दारुण श्रम तिच्या प्राणावर बेततील, असा त्यांचा अभिप्राय आहे. परंतु त्याच श्वासात ते सांगतात की, मधूनमधून जांभई देणे आणि चालणे मात्र तिने करावे. अति श्रम नको आणि जखडून ठेवणेही नको, असा हा विवेक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आहे.

येथे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होणे साहजिक आहे. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. त्या दुःखातून त्यांनी वैद्यकाचा ध्यास घेतला, आणि १८८६ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. पाश्चात्त्य विद्या शिकण्यास सातासमुद्रापलीकडे गेलेल्या वीस वर्षांच्या त्या मुलीस आपल्याकडील जुन्या ज्ञानाची लाज वाटली नाही. ते तपासून पाहण्याजोगे आहे असेच तिला वाटले.

मग हे उताणे निजणे आले कोठून? युरोपातही पूर्वी स्त्रिया खास बनविलेल्या बैठकीवर बसून बाळंत होत. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पुरुष वैद्य या क्षेत्रात शिरले. फ्रांस्वा मोरिसो या नामांकित वैद्याने १६६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बैठकीपेक्षा बिछान्याचा पुरस्कार केला. पुढे चिमटा लावून मूल काढण्याची कला वाढली. १८४७ साली एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले आणि गुंगी दिलेली स्त्री निजलेली असणे अपरिहार्य झाले. चिमटा लावताना, टाके घालताना वैद्यास नीट दिसावे, हात मोकळे चालावेत, यासाठी ती बैठक सोयीची होती आणि अडलेल्या स्त्रीच्या बाबतीत ती आजही सोयीची आहे. परंतु अडलेलीसाठी जी सोय झाली, ती हळूहळू न अडलेलीसाठीही नियम होऊन बसली. पुढे तेच टेबल, तेच पाय अडकविण्याचे लोखंडी आधार आणि तोच नियम आपल्याकडील रुग्णालयांतही आला, आणि आपण त्यालाच शास्त्र समजलो.

आता शरीर काय म्हणते ते पाहू. ज्या भगिनींनी धान्याचे पोते रिकामे केले आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पोते आडवे ठेवून धान्य बाहेर पडत नाही. उभ्या, बसलेल्या वा ओणव्या स्थितीत बाळाच्या वजनाचा कल खाली, वाटेच्या दिशेस असतो. दुसरी गोष्ट रक्ताची. उताणे निजले असता भरलेल्या गर्भाशयाचे ओझे पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते. कित्येकींना घेरी येते, रक्तदाब उतरतो आणि बाळाकडे जाणारा रक्ताचा पुरवठाही घटतो. म्हणूनच दिवस भरलेल्या स्त्रीने निजावयाचेच तर कुशीवर निजावे, असे डॉक्टर सांगतात. तिसरी गोष्ट वाटेची. अरुंद दारातून बाज बाहेर काढावयाची असेल तर ती सरळ ओढून निघत नाही. थोडी तिरपी करावी लागते, एक पाय आधी काढावा लागतो, पुन्हा वळवावी लागते. बाळही आईच्या कटीच्या हाडांतून असेच वळत वळत बाहेर येते. आणि हे दार भिंतीतल्या दारासारखे अचल नाही. हाडांचे सांधे गरोदरपणी सैल झालेले असतात. उकिडवे बसल्याने, गुडघे टेकून ओणवे झाल्याने वाट काही अंशी रुंदावते. उताण्या स्थितीत मात्र माकडहाड शरीराच्या भाराखाली दाबले जाते आणि त्यास मागे सरण्यास वाव राहत नाही. कळ आली असता स्त्री आपणहून ज्या हालचाली करते, त्या बहुधा बाळाच्या वळणाला साह्य करणाऱ्या असतात. त्या रोखल्या म्हणजे बाज दारात अडकलेली असताना आपण धरणाराचे हात बांधल्यासारखे होते.

भगिनींनो, हे सर्व आज आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगत आहोत. पण एक काळ असा होता की, आम्ही स्वतःच याच्या उलट वागत होतो. ते सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

पदवी घेऊन आम्ही खानदेशातीलच एका रुग्णालयात नुकतेच रुजू झालो होतो. एके रात्री तापीकाठच्या एका खेड्यातून पहिलटकरीण आली. वय विशीच्या आत, अंगाने काटक. तिला टेबलावर निजविले, तर ती प्रत्येक कळेला उठून खाली उतरे आणि खाटेचा लोखंडी दांडा धरून उकिडवी बसे. "माले उठू द्या, माय," एवढेच ती म्हणत होती. आम्ही तिला दोनदा समजावले, तिसऱ्यांदा रागावलो, आणि अखेरीस दोघींनी धरून तिला निजवून ठेविले. तेथील एक वयस्क परिचारिका दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, थोडं फिरू द्या तिला. अजून अवकाश आहे." आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. पुस्तकात टेबलाचे चित्र होते, ते आम्हांस प्रमाण होते. पहाटे बाळ चिमट्याने काढावे लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली आणि आम्ही आपले कर्तव्य केले असे समजून चुकलो.

दोन-अडीच वर्षांनी तीच स्त्री बैलगाडीतून आली. या खेपेस ती आपणहून रुग्णालयात आली नव्हती, आणली गेली होती. घरीच बाळंत होण्याचा हट्ट तिने धरला होता, कारण "तिथं बांधल्यासारखं निजवतात" हे तिच्या मनात खोल बसले होते. बाळ आडवे होते. ते पोटातच गेले होते. आई रक्त देऊन वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने आम्हांस ओळखले. रागाचा एक शब्दही ती बोलली नाही. तिच्या सासूने मात्र विचारले, "पहिल्याच वेळेला तिला बसू दिलं असतं, तर ही घाबरली असती का?" त्या प्रश्नाला आम्हांजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. आडवे बाळ रुग्णालयात वाचले असते. परंतु रुग्णालयाची वाट तिला आम्हीच बंद करून ठेविली होती. म्हणून आम्ही म्हणतो की, ही मोकळीक केवळ आरामाची बाब नव्हे. जेथे माणसाचा मान राहत नाही तेथे माणूस पुन्हा जात नाही, आणि बाळंतपणात न जाण्याची किंमत प्राणाने मोजावी लागते.

त्या घटनेनंतर आम्ही त्या वयस्क परिचारिकेचे काम डोळे उघडून पाहू लागलो. रात्रपाळीस ती ज्यांची प्रकृती ठीक आहे अशा बायांना व्हरांड्यात फिरवी, पाणी पाजी, कळ आली की कमरेवर हाताने दाबून धरी, दर थोड्या वेळाने पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐके आणि पुन्हा चालावयास लावी. तिच्या पाळीतल्या बाया कमी ओरडत. हे आमच्या पुस्तकात नव्हते. तिच्या हातांत होते.

पुढे पुस्तकांतही ते आले. २०१३ साली जगातील २५ चाचण्यांचा आणि त्यांतील ५,२१८ स्त्रियांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत, म्हणजे गर्भाशयाचे तोंड उघडत असताना, ज्या स्त्रिया चालत्या, उभ्या वा बसत्या राहिल्या, त्यांची ती अवस्था निजून राहिलेल्या स्त्रियांपेक्षा सरासरीने १ तास २२ मिनिटांनी कमी भरली, आणि त्यांच्यांत सिझेरियनचे प्रमाणही कमी आढळले. सर्व चाचण्यांचा दर्जा सारखा नव्हता, हेही त्या अभ्यासकांनी प्रांजळपणे नमूद केले. मग २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिकाळातील शुश्रूषेसंबंधी ५६ शिफारशी केल्या. ज्या स्त्रीच्या प्रसूतीत धोक्याचे लक्षण नाही तिला चालण्या-फिरण्यास व सरळ स्थितीत राहण्यास उत्तेजन द्यावे, तिला खाण्यापिण्यास मनाई करू नये, तिच्या पसंतीची सोबतीण तिच्याजवळ असू द्यावी आणि बाळ जन्मतानाची स्थितीही तिच्या कलाने ठरू द्यावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आमच्या त्या परिचारिकेची रीत आता जागतिक शिफारस झाली.

आपले सरकारही यात मागे नाही. केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती देणाऱ्या सूचना काढल्या. सोबतीण नात्यातील स्त्री असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा, तिने स्वच्छ वस्त्रे नेसावी आणि कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा त्यांतील अटी आहेत. जेथे आडोशाची नीट व्यवस्था आहे तेथे पतीसही राहता येते. २०१७ च्या डिसेंबरात 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. प्रसूतिकक्षाची गुणवत्ता आणि तेथे स्त्रीस मिळणारी सन्मानाची वागणूक हा त्याचा विषय. २०१८ साली प्रसविकांच्या सेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे आली. तेव्हा जी स्त्री "मला थोडे चालू द्या" म्हणते, ती कोणाची कृपा मागत नाही. सरकारने ज्या सुधारणेचा मार्ग आखून दिला, त्याच मार्गावर ती पाऊल टाकू पाहते.

परंतु अर्धवट ज्ञान घातक असते, म्हणून या मोकळिकीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अंगावरून रक्त जात असेल, रक्तदाब फार वाढून झटक्यांचे भय असेल, बाळ आडवे किंवा पायाळू असून पाणी गेले असेल, बाळाचे ठोके बिघडले असतील, गुंगीचे औषध दिले असेल, तर डॉक्टर निजावयास सांगतील आणि ते निमूटपणे ऐकावे. पाणी गेल्यावर डोके खाली बसले आहे की नाही हे तपासल्यावाचून कोणीही स्त्रीस चालवू नये. नाळ खाली घसरण्याचे भय असते. कमरेत वेदनाशामक इंजेक्शन दिलेल्या स्त्रीचे पाय बधिर असतात. तिची गोष्ट निराळी. अशा पहिलटकरणींच्या शेवटच्या अवस्थेत बसण्यापेक्षा कुशीवर निजणेच अधिक हितावह ठरले, असे ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत २०१७ साली दिसून आले. बाळ बाहेर येताना सरळ स्थितीत असलेल्या स्त्रियांना चिमटा वा छेद कमी लागतो, पण रक्तस्राव काहीसा अधिक होण्याचा संभव असतो. म्हणून तेथे जाणती परिचारिका आणि औषधे हाताशी असलीच पाहिजेत. हेच तर घर आणि रुग्णालय यांतील अंतर आहे. उठण्या-बसण्याची मोकळीक घरीही होती. ती मोकळीक आणि तिच्यावर जाणती देखरेख ही दोन्ही एकत्र मिळण्याचे ठिकाण मात्र रुग्णालयच होय. आणि चालणे हीदेखील सक्ती होऊ नये. जिला थकवा आला आहे तिला निजू द्यावे. मोकळीक याचा अर्थ तिच्या देहाचे तिने ऐकणे, दुसऱ्याने हुकूम सोडणे नव्हे.

मग इतके सारे ठाऊक असूनही सगळीकडे असे का घडत नाही? सर्व दोष डॉक्टर-परिचारिकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. एका परिचारिकेकडे एकाच वेळी चार-सहा बाया असतात. निजलेल्या बायांवर नजर ठेवणे तिला सोपे जाते. धोका नसलेल्या स्त्रीच्या बाळाचे ठोके पहिल्या अवस्थेत दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकले तरी चालते, त्यासाठी तिला सतत यंत्राला बांधण्याची गरज नाही. पण ते ऐकणारे हात पुरेसे हवेत. दुसरी अडचण जागेची. टेबलाला टेबल लागलेले, मध्ये पडदा नाही, बाहेरच्या व्हरांड्यात परक्या पुरुषांची गर्दी. अशा ठिकाणी कोणती लेकुरवाळी होऊ घातलेली स्त्री मोकळेपणाने येरझारा घालील? तिसरी अडचण आपण स्वतः आहोत. आम्ही कित्येकदा पाहिले आहे की, परिचारिका चालावयास सांगते आणि आई म्हणते, "नको गं, पडशील", डॉक्टर बसू देतात आणि सासू म्हणते, "पड गप, लोक काय म्हणतील?" कोणी तर दाखल होताच सलाईन का लावत नाही म्हणून भांडण काढतात आणि सलाईन लागली की हात हलवू नकोस म्हणून मुलीला दरडावतात. सलाईनची बाटली दांड्याला अडकवून खाटेशेजारी उभे राहता येते, हे कोणास सुचत नाही.

तेव्हा आपण काय करावे? पहिली गोष्ट, बोलावे; पण वेळेवर बोलावे. ऐन कळांत रुग्णालयाशी वाद घालू नये. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीस जाल तेव्हाच नम्रपणे विचारावे: "प्रकृती ठीक असेल तर हिला चालू द्याल ना? सोबतीला हिची आई राहू शकेल ना? पाणी, पेज देता येईल ना?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. दुसरी गोष्ट, सोबतीण आधीच ठरवावी. ती धीराची असावी. स्वतःच्या बाळंतपणाच्या भयकथा सांगणारी नसावी. कळ आली असता पाठीस आधार देणे, दोन कळांमध्ये घोटभर पाणी देणे, घाम पुसणे आणि उगाच न बोलणे, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. तिसरी, नेसण्यास सैल सुती वस्त्र आणि न घसरणारी वहाण बरोबर न्यावी. आपल्या वैशाखातल्या उन्हाळ्यात एक विणलेला पंखाही न्यावा. चौथी गोष्ट, पुरुषांसाठी. दारात घोळका करून उभे राहू नका. तुम्ही व्हरांडा मोकळा केला तरच तिला तेथे चालता येईल.

आणि पाचवी गोष्ट मंडळासाठी. आपल्या समाजात दातृत्वाला तोटा नाही. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ प्रवेशद्वार बांधतो, कोणी आईच्या नावे पाणपोई घालतो. आमची विनंती अशी की, जळगाव व धुळे जिल्ह्यांतील एकेका ग्रामीण रुग्णालयाशी वा आरोग्य केंद्राशी मंडळाने बोलणे करावे आणि तेथील अधिकाऱ्यांच्या संमतीने प्रसूतिकक्षास चार वस्तू द्याव्यात: खाटांमधले जाड पडदे, भिंतीलगत धरून चालण्यास मजबूत दांडा, बसण्यास बुटकी भक्कम बैठक आणि जमिनीवर घालण्यास धुता येण्याजोगी जाड चटई. याला प्रवेशद्वाराइतका खर्च येत नाही. आईच्या नावाने द्यावयाचे असेल तर याहून उचित दान आम्हांस सुचत नाही. त्यावर नावाची पाटी नसली तरी चालेल. रात्री दोन वाजता त्या दांड्याला धरून जी मुलगी पुढचे पाऊल टाकील, तिला दात्याचे नाव वाचण्यास सवड नसते.

आमचे आयुष्य आता उतरणीस लागले आहे. तापीकाठच्या त्या बाईला टेबलावर धरून ठेवणारे दोन हात आमचे होते, हे आम्ही आज प्रथमच चारचौघांत सांगितले. ते परत घेता येत नाही. परंतु आपल्या घरोघरीच्या लेकी-सुनांपैकी एकीला जरी पुढच्या वेळी कोणी "ऊठ बाई, मी धरते तुला" असे म्हणाले, तर आजचे आमचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.